प्लग बदलला तरी दोन महिन्यांत गाडी पुन्हा मिसिंग करते? जुना प्लग टाकून देऊ नका

आमची गाडी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे, सोबत सीएनजी किट. आम्ही चिपळूणला राहतो, ताई कराडला. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट चढावा लागतो. दुखणं त्याच घाटात सुरू झालं. पोफळी मागे पडली, चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडी हिसके द्यायची, म्हणजे मिसिंग करायची: एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटतच नाही. डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करायचा. हेळवाकला पोचून रस्ता जरा सपाट झाला की गाडी पुन्हा नीट पळायची.

जूनमध्ये गॅरेजला नेली. तिसरा सिलिंडर मारत नाही, त्यात ठिणगी पाडणारा प्लग गेलाय, असं निदान झालं. चारही प्लग बदलले आणि गाडी झकास झाली. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच, पुन्हा ३ नंबर. या वेळी प्लगबरोबर त्याला वीज पुरवणारी कॉइलही बदलली. पाच महिने बरे गेले. जानेवारीत तिसऱ्यांदा हिसके सुरू झाले, तेव्हा मी बॉनेट घरीच उघडलं.

रिक्षा दुरुस्तीत आयुष्य घालवलेले माझे काका शेजारीच राहतात. काढलेला प्लग त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी टोकाकडे एकदा पाहिलं, मग प्लग आडवा धरून वरची पांढरी बाजू उजेडात फिरवली. म्हणाले, "अरे, टोक तर छान तांबूस आहे. खराबी वर आहे. हा प्लग आपणहून नाही गेला, ह्याला कोणीतरी घालवलाय." पुढचं सगळं त्या एका वाक्यातून उलगडलं. ज्यांच्या गाडीत तोच तोच सिलिंडर पुन्हा पुन्हा मिसिंग करतोय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

घाटातच का?

सपाट रस्त्यावर पाय हलका असतो, सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन कमी भरतं. चढावर पेडल दाबलं की मिश्रण भरपूर आत येतं, पिस्टन ते दाबतो, आणि दाब जितका जास्त तितकं ठिणगीला प्लगच्या टोकांमधली फट ओलांडणं जड जातं. मग कॉइलला व्होल्टेज वाढवावं लागतं. बॅटरीच्या १२ व्होल्टचे ती वीस-तीस हजार व्होल्ट करते. एवढी वीज जिथून सोपं जाईल तिथून निसटते. प्लगच्या बाहेरच्या चिनी मातीवर तेलाचा, ओलाव्याचा किंवा कार्बनचा पट्टा तयार झाला असेल, तर ठिणगी आतली फट सोडून बाहेरूनच प्लगच्या लोखंडी अंगावर उडी मारते. सिलिंडरच्या आत अंधारच राहतो. आयडलिंगला दाब कमी म्हणून ठिणगी आत पडते आणि गाडी ठीक वाटते. गॅरेजसमोर उभ्या गाडीत दोष सापडत नाही तो यामुळेच.

सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे हीच खराबी गॅसवर आधी दिसते. माझी गाडी गॅसवर हिसके द्यायची आणि पेट्रोलवर टाकली की थोडी सावरायची. तेव्हा "गॅस किटचाच प्रॉब्लेम" असं लगेच ठरवू नका. पेट्रोलवर सगळ्या चढांवर गाडी खरोखर स्वच्छ चालत असेल आणि प्लग-कॉइल तपासून झाले असतील, तरच गॅसचा फिल्टर आणि रेग्युलेटरकडे वळा.

पिवळा दिवा नुसता लागलेला असणं वेगळं आणि उघडझाप करणं वेगळं. उघडझाप म्हणजे न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. तो तापून आतून वितळू शकतो आणि त्याची किंमत चार प्लगच्या कितीतरी पट आहे. दिवा उघडझाप करू लागला की पाय उचला, जमेल तिथे बाजूला घ्या, पुढे हळू चालवा आणि लांबचा प्रवास टाळा.

कुठला सिलिंडर, आणि त्यातलं काय?

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे इंजिनाचे दोष वाचायचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर स्वस्तात मिळतो आणि मोबाईलवर कोड दाखवतो. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे अनुक्रमे १ ते ४ नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय. पी०३०० म्हणजे मिसिंग एकाच जागी ठरलेलं नाही, आणि अशा वेळी प्लगच्या आधी इंधनाचा दाब, कुठून तरी शिरणारी जादा हवा, जुनं पेट्रोल यांचा विचार करावा लागतो. १ नंबर कुठला हा गोंधळ अनेकांचा होतो. बहुतेक इंजिनांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा पहिला, गिअरबॉक्सच्या बाजूचा शेवटचा.

स्कॅनर नसेल तर इंजिन बंद करून एका कॉइलचा कनेक्टर काढा, सुरू करून काही सेकंद ऐका, पुन्हा बंद करून तो लावा आणि पुढचा काढा. चालू सिलिंडरचा कनेक्टर काढला की इंजिन लगेच लंगडतं. ज्याचा काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच बंद होता. हे भराभर उरकायचं, कारण तेवढा वेळ इंधन न जळता बाहेर जातं. जुन्या गाड्यांत जाड प्लग वायरी असतात. त्या चालू इंजिनावर हाताने ओढू नका, झटका जबर बसतो. पेसमेकर असलेल्या माणसाने तर चालू इंजिनाच्या इग्निशनपासून लांबच राहावं.

सिलिंडर कळला की अदलाबदल. ह्यासाठी एक रुपयाही लागत नाही, तरी ती फार थोडे लोक करतात याचं मला वाईट वाटतं. संशयित ३ नंबरची कॉइल २ नंबरवर लावा, २ ची ३ वर. दोन्हींवर मार्करने आकडे लिहा. कोड पुसा आणि चढाच्या रस्त्यावर चालवून बघा. आता पी०३०२ आला तर खराबी कॉइलबरोबर सरकली. पी०३०३ च राहिला तर कॉइल जागच्या जागी ठेवून फक्त प्लगची अदलाबदल करा. त्यानेही सरकला नाही तर इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग), वायरिंग किंवा कॉम्प्रेशन (पिस्टनने सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब). एका वेळी एकच गोष्ट हलवायची. कॉइल आणि प्लग एकदम हलवले तर कोड सरकूनही हाती काही लागत नाही.

माझा कोड कॉइलबरोबर सरकला. पाच महिन्यांपूर्वीच नवी बसवलेली ती कॉइल होती.

प्लग काढताना

इंजिन पूर्ण थंड हवं. आताच्या गाड्यांचं हेड, म्हणजे प्लग बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं, आणि गरम असताना प्लग ओढून काढला तर हेडचे आटेच सोबत येऊ शकतात. मी रात्री गाडी लावतो आणि सकाळी चहाआधी काम करतो. सामान थोडंच लागतं: १० नंबरचा सॉकेट, लांब एक्स्टेंशन, रॅचेट, आत रबर किंवा चुंबक असलेला प्लग सॉकेट (माझ्या गाडीला १६ एमएम, काही नव्या गाड्यांना १४), फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) आणि टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळायचा पाना).

कनेक्टरची प्लॅस्टिकची कडी उष्णतेने कडक झालेली असते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, अंगठ्याने दाबून कनेक्टर सरळ मागे घ्या. १० नंबरचा बोल्ट काढला की कॉइल किंचित डावी-उजवी फिरवत वर ओढा.

आता थांबा आणि टॉर्च मारा. प्लग खोल नळीच्या तळाशी असतो, आम्ही तिला खड्डाच म्हणतो. प्लग सैल करण्याआधी हा खड्डा बघणं फार महत्त्वाचं आहे, कारण प्लग निघाला की खड्ड्यात जे असेल ते थेट सिलिंडरमध्ये पडणार. धूळ आणि माती सायकलच्या पंपाला नळी लावून फुंकून काढता येते. माझ्या ३ नंबरच्या खड्ड्यात मात्र धूळ नव्हती. बोटाच्या पेराएवढं इंजिन ऑईल साचलेलं होतं. आधीच्या दोन्ही वेळी प्लग बदलताना ते तिथे होतं की नाही, हे आता कळायला मार्ग नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरला चिंधी गुंडाळून ते सगळं टिपून घेतलं, चारदा चिंधी बदलली, आणि मगच प्लगला हात लावला.

प्लग फिरताना कचकच करत अडला तर जोर लावू नका. गंज सोडवणारा स्प्रे थोडा मारा, अर्धा तास थांबा, पाव फेरा सोडा, परत आवळा, परत सोडा. आटे गेले की हेडमध्ये नवे आटे बसवावे लागतात, आणि ते घरचं काम नव्हे. निघालेले प्लग पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ लिहून त्याच क्रमाने ठेवा. कुठला प्लग कुठून आला हे विसरलात तर निम्मी माहिती गेली.

जुना प्लग वाचायचा कसा

खालचं टोक सिलिंडरच्या आतली हकीकत सांगतं. फिकट तपकिरी किंवा राखाडी म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी, जी बोटाला लागते, ती इंधन जास्त किंवा ठिणगी कमजोर असल्याची. एअर फिल्टर तुंबला असेल किंवा गाडी रोज दोनच किलोमीटर चालत असेल तरी अशी काजळी धरते. पेट्रोलचा वास येणारं ओलं टोक म्हणजे इंधन आलं, पण पेटलं नाही. काळं, चकचकीत, तेलकट टोक म्हणजे ऑईल आत येतंय, पिस्टन रिंगकडून किंवा व्हॉल्व्ह सीलकडून. पांढरंफटक, बारीक फोड आलेलं टोक सांगतं की प्लग फार तापतोय: मिश्रणात इंधन कमी, चुकीच्या हीट रेंजचा प्लग (हीट रेंज म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर सोडतो त्याचं माप) किंवा नीट न आवळलेला प्लग. बाजूचा इलेक्ट्रोड झिजून गोल झाला असेल आणि फट वाढली असेल तर मात्र प्लगचं वय झालं. साध्या निकेलच्या प्लगला ३० ते ४० हजार किलोमीटर हे योग्य आयुष्य आहे, इरिडियमला त्याच्या दुप्पट किंवा अधिक.

वरची बाजू मात्र फारसं कोणी बघत नाही, आणि माझं उत्तर तिथे होतं. पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालच्या लोखंडी षटकोनापर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ होती. वीज बाहेरून धावल्याची ती खूण. प्लगवर टोपीसारखं बसणाऱ्या कॉइलच्या रबराच्या आत टॉर्च मारून पाहिलं तर तिथेही त्याच जागी तशीच रेघ. ही जोडी लक्षात ठेवा. रेघ एकदा उमटली की ती पुसून जात नाही. प्लग नवा आणि रबर जुनं ठेवलं, तर रबरावरची रेघ नव्या प्लगवर आपली जुळी रेघ काढते. जूननंतर दोनच महिन्यांत माझं दुखणं परत आलं ते असं.

एका खुणेने मात्र फसू नका. लोखंडी अंगाच्या लगेच वर चिनी मातीभोवती तपकिरी कडं दिसतं. आतून गॅस गळतोय असं समजून लोक असा प्लग फेकून देतात. जास्त व्होल्टेजमुळे आसपासचे तेलाचे आणि धुळीचे कण तिथे चिकटतात आणि ते कडं तयार होतं. ते निरुपद्रवी आहे. दोष उभ्या रेघेचा.

ऑईल आलं कुठून?

टोक तांबूस आणि वरची बाजू तेलकट, म्हणजे ऑईल सिलिंडरमधून आलेलं नाही. ते वरून आलं. प्लगची नळी टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातून जाते आणि तिच्याभोवती रबरी सील असतं. रबर उष्णतेने कडक होऊन चिरलं की व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडचं ऑईल थेंब थेंब खड्ड्यात उतरतं. ऑईलने कॉइलचं रबर फुगतं आणि मऊ पडतं, वीज बाहेर निसटते, रेघ उमटते, मिसिंग सुरू होतं. ऑगस्टमध्ये प्लग आणि कॉइल दोन्ही नवे होते, तरी जानेवारीत घोटाळा झाला, कारण वरचा थेंब चालूच होता.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि नळ्यांची चार सील मागवली. कॉइलचं रबर वेगळं मिळालं, त्यामुळे कॉइल वाचली. काही गाड्यांत ते वेगळं मिळत नाही. रविवारी काकांबरोबर कव्हर काढलं. सील हातात घेतलं आणि वाकवलं तर बिस्किटासारखं तुटलं. दोन्ही पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून साफ केले, कारण धातूच्या पट्टीने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तिथूनच पुन्हा गळती होते. टायमिंग कव्हर हेडला भेटतं त्या दोन कोपऱ्यांत सिलिकॉनचा छोटा ठिपका दिला. कव्हरचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळले. ते नाजूक असतात, जोर केला तर पॅकिंग बाहेर येतं किंवा बोल्ट तुटतो.

काकांनी आणखी एक गोष्ट करायला लावली. इंजिनातली वाफ परत ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला. आवाज यायला हवा होता, आला नाही. तो चिकटला होता. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि ऑईल सगळ्या सीलना बाहेर ढकलतं. स्वस्तातला भाग आहे. तो न बदलता नवी सील घातली असती तर तीही लवकर गेली असती असं मला वाटतं.

नवा प्लग घेताना आणि बसवताना

नंबर गाडीच्या पुस्तिकेतून घ्या, दुकानदाराच्या आठवणीतून नको. उदाहरणार्थ बीकेआर६ई ह्या एनजीकेच्या नंबरात ६ हा हीट रेंज आहे, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ एमएम, आणि शेवटी ११ जोडलेला असेल तर फट १.१ एमएम. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये उलट, मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. त्यामुळे कंपनी बदलताना आकड्याला आकडा जुळवून घेऊ नका, कंपनीचा तक्ता बघा.

बनावट प्लग बाजारात असतात. मधला इलेक्ट्रोड तिरका, छपाई पुसट, आटे खडबडीत दिसले तर परत करा. मल्टिमीटर असेल तर वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत रोध मोजा, रेझिस्टर प्लगमध्ये तो साधारण ५ हजार ओहमच्या आसपास येतो. फट फिलर गेजने मोजा. सीएनजीवर जास्त चालणाऱ्या गाडीत ती किंचित कमी ठेवतात, पण किती हे किट किंवा गाडीच्या कंपनीच्या सूचनेवरूनच ठरवा. इरिडियमचं बारीक टोक उचकटून फट करायला जाऊ नका, ते मोडतं. आणि फरशीवर पडलेला प्लग वापरू नका. आतली चीर बाहेरून दिसत नाही.

बसवताना पहिले फेरे हातानेच. प्लगच्या डोक्याला रबरी नळीचा तुकडा अडकवून तो खड्ड्यात उतरवा, आधी उलटा फिरवा, आटे जुळल्याचा हलका टक जाणवेल, मग सुलटा. आटे तिरके गेले असतील तर नळी हातात घसरते आणि हेड वाचतं. रॅचेटने सुरुवात केली तर हे कळतच नाही. टॉर्क १४ एमएम आट्यांच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ एमएमला १५ ते २०. टॉर्क पाना नसेल तर वायसर असलेला नवा १४ एमएमचा प्लग हाताने बसल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. जुनाच प्लग परत लावत असाल तर फेऱ्याचा फक्त बारावा भाग, कारण त्याचा वायसर आधीच दबलेला असतो. आट्यांना ग्रीस किंवा ऑईल लावू नका. घसरण वाढून त्याच टॉर्कला प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो. कॉइलच्या रबराच्या आत मात्र डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस बोटाने पातळ लावा. आमच्याकडच्या पावसात त्याचा खरंच उपयोग होतो.

पावसाचा विषय निघाला म्हणून: इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुवू देऊ नका, खड्ड्यात पाणी साचलं तरी हीच सगळी लक्षणं दिसतात. आणि गाडी पुरात बुडाली असेल तर चावीच फिरवू नका. २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर चिपळुणात हे सांगत फिरावं लागलं होतं. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी चारही प्लग काढायचे, पाणी बाहेर येतं का बघायचं, बाकी सगळं नंतर.

घरचं काम कुठे थांबवायचं

टोकच तेलकट असेल आणि सकाळी निळा धूर येत असेल, तर आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या, नवे प्लग त्यावर उपाय नाहीत. कूलंट कमी होत असेल, पांढरा धूर येत असेल आणि एका प्लगचं टोक धुतल्यासारखं स्वच्छ निघालं, तर हेड पॅकिंगचा संशय घ्या आणि गाडी चालवू नका. कॉइल, प्लग, सील सगळं बघूनही कोड त्याच सिलिंडरचा राहिला तर इंजेक्टर. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवून मूठ कानाला लावा, टकटक नियमित यायला हवी. हे करताना बाही आणि केस पट्ट्यापासून लांब ठेवा.

माझ्या गाडीला तेव्हापासून दोन पावसाळे झाले, कोड परत आलेला नाही. तरी दर ५ हजार किलोमीटरला मी चारही कॉइल उचलून खड्ड्यांत टॉर्च मारतो, दहा मिनिटं लागतात. शेवटचं पाहिलं ते गणपतीआधी, कराडला निघायच्या आदल्या सकाळी. चारही खड्डे कोरडे होते. १ नंबरच्या कडेला थोडी धूळ होती, ती पंपाने फुंकली आणि कॉइल परत बसवली.